लागू नसेल ते खोडा

झाशीत खंडेराव गेटच्या आत रस्ता एकदम अरुंद होतो आणि समोरची ई-रिक्षा आधी निघणार की आपण, हे रोज नव्यानं ठरवावं लागतं. तिथं मंगळवारी दुपारी मी स्कूटीला ब्रेक लावला, पाय टेकवला आणि डाव्या हाताला बाबांचं नाव दिसलं. मृत्यूच्या दाखल्याच्या झेरॉक्स काढून मी परत चालले होते. पिशवीत तेच नाव आठ प्रतींमध्ये होतं, त्याचं काही वाटलं नव्हतं. पण हे संगमरवरावर होतं. पाट्या कोरणाऱ्याच्या दुकानाबाहेर तीन दगड भिंतीला टेकवून ठेवले होते, एका वकिलाची पाटी, एका मंदिराच्या पायरीवरची देणगीदारांची नावं, आणि मधला बाबांचा. ‘स्व. श्री जनार्दन चांदोरकर’ एवढं कोरून झालेलं, अक्षरांच्या कडांना अजून पांढरी भुकटी होती. त्याखाली ‘राष्ट्रीय बास्केटबॉल खिलाड़ी’ ही ओळ नुसती गेरूनं लिहिलेली, ओली असावी तशी लाल. मागच्या माणसानं हॉर्न दिला. कोरणारा म्हातारा मान वर न करता म्हणाला, “बहनजी, गाड़ी ज़रा आगे ले लो, पत्थर पे पहिया चढ़ जाएगा.” मी गाडी पुढं घेतली, स्टँडवर लावली आणि परत आले. विचारलं, हा कुणाचा. “रेलवे ग्राउंड वालों का. इतवार को लगना है. कोई बड़े खिलाड़ी थे, नेशनल.” मग माझ्याकडं बघून, “आप जानती थीं?” मी हो म्हटलं. कोण होते ते सांगितलं नाही. तो म्हणाला, “तो पढ़ लो, कुछ गलत हो तो कल दोपहर तक बता देना. अभी गेरू है. छेनी लग गई फिर मेरे हाथ में नहीं.”

बाबा राष्ट्रीय खेळाडू नव्हते. ते नॅशनल कधी खेळलेच नाहीत. हे आमच्या घरात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यांतलं एक सव्वीस दिवसांपूर्वी गेलं.

स्कूटी घराकडं, प्रेम नगरकडं, आपोआप चालते. पुलावरून खाली रुळांचं जाळं दिसतं आणि त्यापलीकडं रेल्वे वर्कशॉपची लांबलचक छपरं. बाबांनी तिथं चौतीस वर्षं वॅगनच्या चाकांवर काम केलं. जानेवारीचं ऊन होतं, अंगाला लागत नव्हतं. मला त्या ‘स्व.’ची सवय व्हायची होती. कागदावर तो लहान वाटतो, दगडात बोटभर खोल होता. घर येईपर्यंत मी एकच गोष्ट पुन्हापुन्हा मनात म्हणत होते, की गेरू आहे अजून, गेरू आहे. जणू कुणी मला सांगितलं होतं, की उशीर झालेला नाही, आणि माझा त्यावर विश्वास बसत नव्हता.

मी बारा वर्षांची होते तेव्हा शाळेत ‘मेरे पिताजी’ असा निबंध होता. उन्हाळ्याची सुट्टी लागायला आठवडा होता. बाबा सकाळी रेल्वे ग्राउंडवर रिंगला नवी जाळी बांधत होते. शिडी लागायची नाही त्यांना, एका लोखंडी स्टुलावर उभे राहिले की पुरायचं. आमच्या घरात, नात्यात, झाशीतल्या साऱ्या मराठी मंडळींत एवढा उंच माणूस दुसरा नव्हता. दारातून आत येताना ते मान खाली घालत, आणि ही सवय इतकी मुरली होती, की मोठ्या कमानीतूनसुद्धा, खंडेराव गेटमधूनसुद्धा, ते मान वाकवूनच जात. मी खालून सुतळीचे तुकडे देत होते. विचारलं, “बाबा, तुम्ही नॅशनलला कुठल्या गावी गेला होता? निबंधात लिहायचंय.” त्यांनी एक गाठ मारली, दुसरी मारली. मग खाली उतरले, स्टुलावरच बसले आणि म्हणाले, “मी नॅशनल नाही खेळलो. मी पगारावर खेळलो.” मला वाटलं ते काही तरी अधिक मोठं सांगताहेत. त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं तेव्हा तसं नसावं असं वाटलं. तेव्हाच्या त्यांच्या आवाजाची मला आजही नीट खात्री नाही. पस्तीस वर्षांत मी तो इतक्यांदा आठवून पाहिला आहे, की आता त्यात माझाच आवाज मिसळला असेल.

त्यांनी सांगितलं ते एवढंच होतं. कानपूरच्या एका गिरणीमालकाचा मुलगा अमेरिकेत राहून आला होता. त्यानं तिथं पाहिलं होतं, की खेळाडूंना नुसतं खेळायचा पगार मिळतो. आल्यावर त्यानं आठ पोरं निवडली. झाशीतून बाबा एकटे, वय वीस. त्यांना गिरणीत काम नव्हतं, सकाळ-संध्याकाळ खेळणं हेच काम. हिवाळ्यात ही टोळी ट्रकमधून गावोगाव जायची. ग्वाल्हेरच्या मेळ्यात, सागरला, जबलपूरला, नुमाइश, प्रदर्शन लागेल तिथं लाकडी फळ्या उभ्या करून खेळायची, लोक तिकीट काढून बघायचे. बबीन्याच्या छावणीत फौजी टीमशी तीन सामने झाले. शेवटच्यात बाबांच्या उजव्या हाताची अनामिका निखळली. ती पुढं कायम वाकडी राहिली, भात कालवताना इतर बोटांपासून अलग, जरा मागं. सामना सुरू होण्याआधी भोंग्यावरून एकेकाचं नाव पुकारत आणि त्यापुढं म्हणत, ‘पेशेवर खिलाड़ी’, म्हणजे खेळणं हाच ज्याचा पेशा. बाबांच्या घरात कारकून, भिक्षुक, एक तहसीलदार, असे सगळे कागदावरचे लोक. शरीरानं कमावलेला पहिला माणूस हा. “मला ऐकायला फार चांगलं वाटायचं,” बाबा म्हणाले, “भोंग्यावरून.” दोन हिवाळे हे चाललं. मग मालकाच्या मुलाचा जीव घोड्यांत रमला आणि आठही जण आपापल्या गावी परत आले.

त्यापुढच्या वर्षी राज्याच्या संघाची निवड झाली. त्या आठांतले चौघे निवडले गेले, बाबा त्यांत होते. बारा नावांची यादी छापून आली. मग प्रत्येकाकडून एक फॉर्म भरून घेतला. त्यात एक ओळ होती, ‘खेलने के लिए कभी वेतन लिया है? हाँ / नहीं. जो लागू न हो उसे काट दें.’ तेव्हा पगार घेऊन खेळणाऱ्याला त्या स्पर्धांत जागा नव्हती. हे बाकीच्या तिघांना माहीत होतं. त्यांनी ‘हाँ’ खोडलं. बाबांना माहीत नव्हतं. त्यांना वाटलं अनुभव विचारताहेत. नोकरीच्या अर्जात विचारतात तसा. पगारावर खेळलेला माणूस म्हणजे जास्त चांगला खेळाडू, त्यांना असाच माणूस हवा असणार. त्यांनी पट्टी घेऊन ‘नहीं’वर सरळ रेघ मारली. आमच्याकडं कागद पट्टीनंच खोडतात. आणि वर गिरणीचं पत्र जोडलं, नक्कल करून, साक्षांकित. दोन ओळींचं उत्तर आलं. त्यानंतर ते कुठल्याही अधिकृत सामन्यात खेळू शकले नाहीत, वर्कशॉपच्या संघातूनसुद्धा नाही. “आता ते सगळे नियम बदलले,” ते मला म्हणाले. “आता पगारवालेच खेळतात.” मग उठून स्टुलावर चढले. वरून म्हणाले, “निबंधात लिहू नकोस. आईला वाईट वाटेल.” मी निबंधात त्यांची उंची लिहिली, आणि ते चांगली कढी करतात असं लिहिलं.

आईला वाईट वाटेल, कारण आईचं लग्न त्या यादीशी झालं होतं. ती ग्वाल्हेरची. बाबांच्या काकांनी स्थळ नेलं तेव्हा कात्रण दाखवलं. नाव छापलेलं होतं, खोटं काहीच नव्हतं. ‘पोरगा नॅशनलला निवडला गेलाय’ असं काका म्हणाले असतील, तेही एका अर्थी खरं. पुढचं कुणी विचारलं नाही आणि बाबांनी सांगितलं नाही. आईनं ते कात्रण फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं. मला आठवतंय तेव्हापासून ते तिथं आहे. दर दिवाळीला ती काच ओल्या कापडानं पुसते, मग कोरड्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सांगते, “आमचे हे नॅशनल खेळलेत, पण बोलत नाहीत, स्वभावच तसा.” अशा वेळी बाबा उठून पाण्याची टाकी भरली का बघायला गच्चीवर जात. लहानपणी मला वाटायचं, आमच्या टाकीला फार लक्ष द्यावं लागतं.

ते खेळले नाहीत, पण ग्राउंडही सुटलं नाही त्यांना. पोरांना शिकवत. सामना असला की टेबलापाशी बसून स्कोअर लिहीत. मला शेजारी बसवून घेत. बास्केट झाली की त्या आकड्यावर तिरकी रेघ, म्हणजे गुण धरला. चुकून काही लिहिलं गेलं तर त्यावर आडवी रेघ, म्हणजे धरू नये. दोन्ही रेघा ते सारख्याच शांतपणे मारत. त्यांच्या समोर दहा जण धावत असत आणि ते खाली मान घालून रेघा मारत असत. आता वाटतं, मी कधी त्यांच्या पायांकडं का बघितलं नाही. टेबलाखाली त्यांचे पाय काय करत असतील.

डिसेंबरात त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातला पलंग त्यांना अपुरा होता. पाय घोट्यांपासून बाहेर, लोखंडी दांड्यावर. मी आल्यागेल्या प्रत्येकाला सांगत होते, दोन दिवस, आणि सगळे ‘देखते हैं’ म्हणत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी एक तरुण डॉक्टर फेरीला आला. म्हणाला, “बाबूजी की हाइट बढ़िया है. कुछ खेलते थे क्या?” आणि मी म्हटलं, “बास्केटबॉल. नेशनल खेले हैं.” किती सहज म्हटलं. डॉक्टरचा चेहरा बदलला. त्यानं बाबांचं मनगट हातात घेतलं आणि नाडी मोजून झाल्यावरही थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. “क्या बात है, चैंपियन,” म्हणाला. दहा मिनिटांत एक स्टूल आलं, त्यावर उशी, उशीवर बाबांचे पाय. दुसरं ब्लँकेट आलं. मला बरं वाटलं. काही तरी करता आलं असं वाटलं. वळून बघितलं तर बाबा माझ्याकडं बघत होते. त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी चादरीवर हलली. एक रेघ. मग परत एक, तिथंच. मला वाटलं चादरीला चुणी पडलीय, ती त्यांना टोचतेय. मी चादर ओढून नीट केली. त्यांनी डोळे मिटले. दोन दिवसांनी ते गेले.

तेराव्यापर्यंत माणसांची ये-जा होती, मला काही आठवलं नाही. निशांत, माझा धाकटा भाऊ, बंगळूरला परत गेला, त्याला पोचवून मी स्टेशनवरून घरी आले, हातपाय धुतले आणि टॉवेल घ्यायला वाकले तेव्हा ते बोट आठवलं. ज्या एकाच माणसाला त्यांनी खरं सांगितलं होतं, त्याच माणसानं त्यांच्या उशाशी उभं राहून ते खोटं उच्चारलं होतं, एका स्टुलासाठी. आणि ते त्यांनी खोडलं. तेव्हा मला असंच वाटलं, आणि मग पुढच्या क्षणी वाटलं, ती रेघ आडवीच होती कशावरून? मी उशाशी उभी होते. पलंगाच्या कोपऱ्याशी असते तर ती तिरकी दिसली असती. डाव्या हातानं, पडल्यापडल्या, माणूस सरळ रेघ मारू शकतो का? तिरकी असेल तर गुण धरला. तर मग ते म्हणत होते, असू दे, लिही. मी माझ्याच पलंगावर आडवी होऊन डाव्या हातानं चादरीवर रेघा मारून पाहिल्या. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मी बावीस वर्षं काढली आहेत. माणसं मरताना काय बोलतात यावर किती तरी वाचलं आहे. त्यातलं काहीही एका बोटाच्या उपयोगाचं नव्हतं.

मंगळवारी मी घरी पोचले तेव्हा आई अंगणात उन्हात बसून मटार सोलत होती आणि विक्रम समोर खुर्चीवर होता. विक्रम बाबांचा शागीर्द, आता रेल्वेत टीटीई, तिकीट तपासनीस आहे आणि ग्राउंडच्या समितीचा सचिव. रविवारच्या कार्यक्रमाचं सांगायला आला होता. नव्या कोर्टाला बाबांचं नाव देणार, दगड आई उघडणार. आईनं त्याला चहा आणि चिवडा दिला होता. “दीदी, आंटीजी को मैंने बोल दिया है, दो शब्द बोलने पड़ेंगे.” आई म्हणाली, “मैं क्या बोलूँगी, बेटा. नेशनल खेले, यही बोलूँगी.” तिच्या चेहऱ्यावर, गेल्या सव्वीस दिवसांत पहिल्यांदा, थोडी लाली होती. ते बघून मी खरं तर आत जायला हवं होतं. मी म्हटलं, “विक्रम, वो लाइन बदलनी है. राष्ट्रीय मत लिखवाओ. पेशेवर लिखवाओ.” विक्रम हसला. “दीदी, पेशेवर तो मुजरिम होता है. या फिर गवाह.” मी हसले नाही तेव्हा त्यानं कप खाली ठेवला. “मतलब?” आई मटारची शेंग हातात तशीच धरून माझ्याकडं बघत होती. “मतलब वो पगार पे खेले थे. नेशनल नहीं खेले.” त्यानं खुर्ची मागं सरकवली. मग उठला आणि नमस्कार करून, “आप लोग देख लीजिए, दीदी. जो बोलेंगी वही लिखेगा. कल दोपहर मैं वहीं मिलूँगा,” असं म्हणून गेला. फाटक त्यानं फार हळू लावलं.

मी आईला सगळं सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं, पिशवी खांद्याला तशीच होती. गिरणी, फॉर्म, पट्टीनं मारलेली रेघ. दवाखान्यातलं सांगितलं नाही. सगळं झाल्यावर तिनं हातातली शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले, टरफल परातीत टाकलं. म्हणाली, “कात्रण?”

“ते खरं आहे. यादीत नाव होतं. गेले नाहीत.”

“लोकांना मी पन्नास वर्षं सांगत आले.”

“हो.”

“आणि हे टाकी बघायला जायचे.”

तिला हसू येईल की रडू, मला कळेना. दोन्ही आलं नाही. तिनं विचारलं, “तुला केव्हा सांगितलं?”

“मी बारा वर्षांची होते.”

तेव्हा मात्र तिचा हात थांबला. मी तिच्या अभिमानाची तयारी करून आले होते. लोक काय म्हणतील, दगडावर काय बिघडतं, गेलेल्या माणसाची शोभा का करतेस, याची उत्तरं माझ्याजवळ होती. तिनं त्यांतलं काही विचारलं नाही. “बारा वर्षांच्या पोरीला सांगितलं,” ती म्हणाली. “मला नाही.” मग परात उचलून आत गेली. भांडं उन्हातच राहिलं. संध्याकाळी तिनं मटारची उसळ केली, मला वाढली, स्वतः जेवली. झोपताना म्हणाली, “तुझ्या बाबांचा दगड तूच बघ.” तिनं ‘तुझ्या’ म्हटलं. एरवी ती ‘यांचा’ म्हणते.

बुधवारी मी कॉलेजातून अर्धी रजा घेतली. गेटपाशी पोचले तर विक्रमची मोटरसायकल आधीच उभी होती. तो पायरीवर बसून म्हाताऱ्याशी काही बोलत होता, मला बघून उठला. “दीदी, एक बात बोलूँ? बुरा मत मानना. हम लड़कों को सर ने कभी नहीं बोला कि वो नेशनल खेले हैं. मैं कल से याद कर रहा हूँ. एक बार भी नहीं. हमने ही मान लिया था.” त्याचे डोळे लाल होते. “पर बोलते तो हम क्या कम इज़्ज़त करते?” मला वाटलं, हो, कदाचित केली असती. स्टूल आलं नसतं. पण हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. म्हाताऱ्यानं विचारलं, “तो बताओ, क्या रखना है?” मी दगडासमोर बसले. जमिनीवरच, संगमरवराच्या भुकटीत. ‘राष्ट्रीय’ हा शब्द अगदी माझ्या डोळ्यांसमोर होता, सुरेख लिहिलेला, सगळी अक्षरं एका उंचीची. बाबांनी तो स्वतः कधी तोंडातून काढला नव्हता. फक्त मान वाकवून त्याच्याखालून ते पन्नास वर्षं जात राहिले होते. आणि त्याआधी एकदा, बाविसाव्या वर्षी, पट्टी घेऊन बसले होते, तेव्हा त्यांची मान ताठ असणार. त्या माणसाला मी कधी पाहिलं नाही. चादरीवरची रेघ कुठली होती हे मला कळणार नाही, हेही तिथं बसल्यावर पक्कं झालं. ते मला काही सांगून गेले नव्हते. जे करायचं ते माझं मलाच करायचं होतं.

म्हाताऱ्यानं पाण्यात बुडवलेलं फडकं पुढं केलं. मी ते घेतलं नाही. तर्जनी त्याच्या पाण्याच्या वाडग्यात बुडवली आणि त्या शब्दावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ ओढली. गेरू बोटाखाली पसरला, अक्षरांची पोटं फुटली, शिरोरेखेच्या खाली एक दुसरी रेघ तयार झाली, ओबडधोबड. पट्टी नव्हती. मग त्यानंच फडक्यानं सगळं पुसलं, पेन्सिलीनं जागा मोजली, कुंचला घेतला आणि ‘पेशेवर’ लिहिलं. लिहिता लिहिता म्हणाला, “अच्छा लफ़्ज़ है. हम भी पेशेवर हैं. हमें तो कोई पत्थर नहीं लगाता.” विक्रम म्हणाला, “चाचा, आपका तो पूरे शहर में लगा है.” म्हातारा खूश झाला. छेनी ठेवण्याआधी त्यानं माझ्याकडं बघितलं. “पक्का? इसके बाद कटता नहीं.” मी म्हटलं, “हाँ.” पहिला घाव पडला तेव्हा पांढरी धूळ उडून माझ्या साडीवर आली.

घरी आले तेव्हा आई दिवाणखान्यात होती. फ्रेम भिंतीवर तशीच होती. ती समोर उभी राहून काचेतून ती यादी वाचत होती, चष्मा वर करून, डोळे काचेशी नेऊन, जणू पहिल्यांदाच. बारा नावं. मला वाटलं ती फ्रेम काढील. तिनं काढली नाही. माझ्या बोटाकडं बघितलं. साबणानं धुतलं होतं तरी नखाच्या कडेला लाल राहिलं होतं.

“काय लिहिलं?”

“पेशेवर.”

तिनं तो शब्द म्हणून पाहिला, नुसत्या ओठांनी. मग दिवाणावर बसली, पदर नीट केला आणि शेजारची जागा हातानं झाडली. “बस,” म्हणाली. “काल तू तुझ्या शब्दांत सांगितलंस. आता यांनी सांगितलं तसं सांग. जसंच्या तसं. काही गाळू नकोस.”

मी बसले. सुतळीपासून सुरुवात केली. स्टूल, जाळी, दोन गाठी. गिरणीमालकाचा मुलगा, ट्रक, बबीन्याचे तीन सामने, बोट. भोंगा सांगितला. ‘मला ऐकायला फार चांगलं वाटायचं’ हे वाक्य मी बाबांसारखं म्हणायचा प्रयत्न केला. आईनं मान हलवली, म्हणजे आवाज ओळखला असावा, किंवा नसावा. फॉर्म सांगितला, पत्र सांगितलं. मग ते परत स्टुलावर कसे चढले आणि वरून काय म्हणाले, तेही सांगितलं, ‘आईला वाईट वाटेल’. त्यावर तिनं डोळे मिटले आणि थोड्या वेळानं उघडले. मग मी थांबले. घड्याळाकडं बघितलं तर जेमतेम दहा मिनिटं झाली होती. पस्तीस वर्षं मी जे सांभाळलं ते एवढंच निघालं. बाबा तितकंच बोलले होते, आणि मीही पुन्हा कधी विचारलं नव्हतं.

आई माझ्याकडं तोंड करून बसली होती, हात मांडीवर, गोष्ट ऐकायला बसतात तशी.

“पुढं?” ती म्हणाली.